टेलिफोनची नवी तार आणि तिचा खर्च

खेड्यापाड्यांतून टेलिफोनची तार बदलते आहे. खांबावरून घरात येणारी जुनी तांब्याची तार जाते आहे आणि तिच्या जागी काळी, बारीक, काचेची तार येते आहे. लोक तिला 'फायबर' म्हणतात. तार ओढणारी मंडळी दारावर येतात. हातात रंगीत कागद देतात. म्हणतात, "काका, महिन्याला एवढेच पैसे. फोन फुकट, वर इंटरनेट!" कागदावर तो आकडा सुपारीएवढा मोठा छापलेला असतो. त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत चार ओळी असतात.

तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा त्या चार ओळीही वाचायच्या. त्या ओळींत काय असते, कागदावर मुळीच न लिहिलेला खर्च कोणता, आणि आपल्या घरी ही तार घ्यावी की न घ्यावी, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

आधी जुनी तार समजून घेऊ. ती समजली की नवीचा खर्च आपोआप कळेल.

आपण बोलतो तेव्हा हवा हालते. टेलिफोनच्या दांडीत तोंडाजवळ एक पातळ पडदा असतो. हवेबरोबर तो पडदा हालतो. त्या हालण्याची विजेची लाट होते आणि ती लाट तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजपर्यंत जाते. एक्स्चेंज म्हणजे टेलिफोनचे ठाणे. तिथून ती दुसऱ्या माणसाच्या तारेत जाते आणि त्याच्या कानाशी असलेला पडदा हालवते. झाले बोलणे.

आता नीट लक्ष द्या. ही लाट वाहायला वीज लागते. ती वीज कुणाची? आपल्या घरची नव्हे. ती एक्स्चेंजातून त्याच तारेने येते. एक्स्चेंजात मोठमोठ्या बॅटऱ्या असतात. त्या ४८ व्होल्टांची वीज घरोघरच्या टेलिफोनला पुरवतात. म्हणून आपल्या विजेच्या बिलात जुन्या टेलिफोनचा एक पैसाही नसतो. आणि म्हणूनच गावची वीज गेली तरी टेलिफोन जात नसे. घरात कंदील लावलेला आहे आणि फोनची घंटी खणखणते आहे, हे चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

जुनी तार अगदी गुणाची होती असे मात्र कुणी समजू नये. पावसाळा लागला की तिच्या जोडांत पाणी शिरे. मग कानात नुसती खरखर. वीज कडाडली की कधी कधी ती तारेवाटे घरात येई. शिवाय तांबे म्हणजे पैसा. चोर रात्रीतून तार कापून भंगारात विकत. आणि मोबाईल आल्यावर तर तारेचा फोन घरोघरी बंदच होत गेला. थोड्या घरांसाठी मैलोगणती तार सांभाळणे कुणाला परवडेल? तार बदलण्यामागे अशी कारणे आहेत. ती खोटी नाहीत.

नवी तार काचेची असते. काच म्हटले की आपल्याला खिडकीची काच आठवते. ही काच तशी नसते. तिचा धागा केसाएवढा बारीक असतो. एका मिलिमीटरचे आठ भाग केले तर त्यातला एक भाग, एवढीच त्याची जाडी. त्यावर प्लास्टिकचे वेष्टण असते, म्हणून तार आपल्याला जाड दिसते. या धाग्यातून वीज जात नाही, उजेड जातो. धागा वाकला तरी उजेड आतल्या आत परततो, बाहेर सांडत नाही, आणि धाग्याबरोबर वळत पुढे जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५०च्या दशकात लंडनला अशा काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवले. पुढे १९६६ साली चार्ल्स काव यांनी सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कोसच्या कोस जाईल. त्यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याकडे येते त्या जातीची तार मध्ये कुठेही जोर न देता २० किलोमीटरपर्यंत उजेड नेते.

पण काचेतून वीज वाहत नाही. आमच्या मते साऱ्या खर्चाचे मूळ या एका वाक्यात आहे. एक्स्चेंजची वीज तांब्यातून घरी येत होती. काचेतून ती येणार नाही. मग फोन चालवायला वीज कुणाची? तुमची.

त्यासाठी घरात एक डबा बसवतात. कुणी त्याला मोडेम म्हणतात, कुणी राऊटर, कुणी वायफायचा डबा. हा डबा उजेडाची भाषा विजेच्या भाषेत बदलतो. त्याची पिन घरच्या बोर्डात असते. बोर्डात वीज नसेल तर डबा झोपला. डबा झोपला की फोनही झोपला.

बोलणेही आता निराळ्या रीतीने जाते. पूर्वी दोघे बोलू लागले की दोघांमध्ये एक सलग वाट बांधली जाई. आता तसे नाही. डबा तुमच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. एका सेकंदाचे साधारण ५० तुकडे. प्रत्येक तुकडा जणू एका पाकिटात घालतो, पाकिटावर पत्ता आणि क्रमांक घालतो आणि टपालात सोडतो. पलीकडचे यंत्र पाकिटे क्रमाने लावते आणि पुन्हा आवाज करते. एखादे पाकीट वाटेत अडकले की आवाज तुटतो. या रीतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'व्हीओआयपी' म्हणतात. म्हणजे इंटरनेटवाटे बोलणे. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल.

यातून एक कामाची गोष्ट निघते. बोलण्याच्या पाकिटांना फार थोडा वेग लागतो. लहानातल्या लहान पॅकचा वेग ३० चा धरला, तर एका माणसाच्या बोलण्याला त्यातला तीनशेवा भागसुद्धा पुरतो. तेव्हा कुणी म्हणाला की "काका, आवाज स्पष्ट पाहिजे तर १०० चा पॅक घ्या," तर त्याला हसून पाणी द्यावे आणि लहान पॅकच मागावा. मोठा वेग पुष्कळ माणसांनी एकाच वेळी चित्रपट पाहण्यासाठी असतो. बोलण्यासाठी नव्हे.

आता हिशेबाला बसू. पाटी घ्या किंवा वहीचे मागचे पान घ्या. आम्ही येथे जे आकडे घेतो ते समजण्यापुरते धरलेले आहेत. दर गावोगाव आणि कंपनीगणिक बदलतात. आमचे आकडे खोडून तुमच्या गावचे आकडे तिथे घाला. रीत मात्र हीच ठेवा.

कागदावर महिना ४०० रुपये छापले आहेत असे धरू. बारीक ओळींत पहिली गोष्ट लिहिलेली असते ती कराची. या सेवेवर शेकडा १८ रुपये जीएसटी आहे. ४०० वर ७२ रुपये. म्हणजे हातातून जातात ४७२. वर्षाचे झाले ५,६६४. कागदावरच्या आकड्याने वर्षाचे ४,८०० च दिसत होते.

दुसरी गोष्ट डब्याची. डबा कुणाचा, हे विचारा. काही कंपन्या डबा विकतात. काही महिन्याच्या भाड्याने देतात. काही अनामत घेतात आणि डबा परत केला की अनामत परत देतात. काही म्हणतात डबा फुकट, पण सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरा. आगाऊ भरलेले पैसे ही एक प्रकारची उधारी आहे, आणि ती आपण कंपनीला दिलेली असते. सेवा मध्येच आवडली नाही, गाव सोडावे लागले, तर त्यातले किती परत मिळणार? हे आधी विचारावे. आपण येथे डबा १,५०० ला विकत घेतला असे धरू. तार ओढून जोडण्याची मजुरी ५०० धरू. खांब घरापासून दूर असेल तर तारेचे पैसे मीटरवर निराळे मागतात. वस्तीवर राहणाऱ्यांनी हे अगोदर ठरवून घ्यावे.

तिसरा खर्च कागदावर कधीच नसतो. तो विजेचा. डब्याला साधारण १० वॅट वीज लागते. रात्रीच्या लहान दिव्याएवढी. वाटते थोडी, पण दिवा आपण मालवतो, डबा मालवून चालत नाही. मालवला तर फोन कसा येणार? म्हणून दिवसाचे २४ तास. दहा गुणिले चोवीस, २४०. तीस दिवसांचे ७,२००. हजार वॅट एक तास जळले की एक युनिट होते. म्हणजे महिन्याला ७.२ युनिटे. सर्व आकार धरून युनिटला ६ रुपये पडतात असे मानले तर महिना ४३ रुपये २० पैसे. वर्षाचे ५१८ रुपये. ज्या घरी दोनच दिवे आणि एक पंखा आहे त्या घरच्या बिलात हा आकडा उघड दिसतो.

चौथा खर्च बॅटरीचा. वीज गेल्यावर डबा चालू राहावा म्हणून एक छोटी बॅटरी मिळते. ती पाटीपेक्षा लहान असते. बोर्ड आणि डबा यांच्यामध्ये ती जोडायची. हजार-दीड हजाराला येते आणि डब्याला दोन-तीन तास जागे ठेवते. आपण १,२०० धरू. ती जन्मभर टिकत नाही. दोन-तीन वर्षांत तिचा दम कमी होतो.

आता बेरीज करा. पॅक आणि कर ५,६६४. डबा १,५००. जोडणी ५००. वीज ५१८. बॅटरी १,२००. एकूण झाले ९,३८२. कागद म्हणत होता ४,८००. पहिल्या वर्षी जवळजवळ दुप्पट.

घाबरून जाऊ नका. डबा आणि जोडणी एकदाच. दुसऱ्या वर्षापासून पॅक आणि वीज मिळून ६,१८२. तीन वर्षांनी नवी बॅटरी घ्यायची तर तिचे वर्षाला ४०० बाजूला टाका. झाले ६,५८२. त्याला बाराने भागा. महिन्याला सुमारे ५५०. तेव्हा दारावरच्या माणसाने ४०० म्हटले की आपण मनात साडेपाचशे म्हणायचे. आणि जुन्या टेलिफोनला महिना दोनशे जात असतील तर तुलना दोनशे आणि साडेपाचशे यांची करायची.

आणखी एक खोच असते. पहिले काही महिने कमी दर आणि मग पुढे वाढीव दर, असे पॅक असतात. बारीक अक्षरांत 'पहिले सहा महिने' असे शब्द सापडले तर सातव्या महिन्याचा दर विचारा. तो कागदावर लिहून मागा. आमच्याच आळीतील एका घरी दर सातव्या महिन्यापासून वाढला. विचारायला गेल्यावर उत्तर मिळाले, "तुम्ही वाचले नव्हते का?" उत्तर उद्धट होते, पण छापलेले होते हे खरे.

पैशाचा खर्च झाला. आता दुसऱ्या खर्चाकडे वळू. तो रुपयांत मांडता येत नाही.

सह्याद्रीच्या खोऱ्यांत आजही अशा वाड्या आहेत की तिथे मोबाईलला रेंज नाही. उंच दगडावर चढले तर एखादी काडी दिसते. अशाच एका वाडीतील एका आजीने आम्हाला विचारले, "गुरुजी, मुलगा मुंबईला. मी एकटी. पावसात वीज जाते ती दोन दोन दिवस येत नाही. आता दिवा जाईल तेव्हाच फोनही जाईल म्हणता. मग रात्री छातीत कळ आली तर मी हाक कुणाला मारू?"

हा प्रश्न फार मोठा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब उन्मळून पडले. रायगड आणि रत्नागिरीकडील कित्येक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी दोन-तीन तासांची बॅटरी पुरत नाही. खरे सांगायचे तर अशा वादळात तांब्याचे खांबही पडतात. तेव्हा जुनी तार असती तर सगळे ठीक झाले असते असे आम्ही म्हणणार नाही. पण रोजची वीज जाते ती वादळाने नव्हे. ती जाते फांदी पडल्याने, फ्यूज उडाल्याने, रोहित्र जळाल्याने. त्या वेळी एक्स्चेंजची बॅटरी धड असेल तर तांब्याचा फोन चालू राही आणि काचेचा बंद पडतो.

हा प्रश्न आपल्याच देशापुढे आहे असे नाही. इंग्लंडात सगळी जुनी टेलिफोनव्यवस्था बंद करून इंटरनेटवरची करण्याचे काम चालले. तिकडे पुष्कळ म्हातारी माणसे एकटी राहतात. ती गळ्यात एक बटण घालतात. पडले झडले तर बटण दाबायचे, की टेलिफोनवाटे मदत करणाऱ्या कचेरीत खबर जाते. काही घरी तार बदलली आणि बटण चालेना. त्यावर गवगवा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी सरकारला लेखी वचन दिले की अशा घरच्या माणसांची सोय पक्की केल्याखेरीज त्यांची तार बळेच बदलणार नाही. जुनी व्यवस्था बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेली. तिथल्या दूरसंचार नियामकाचा असाही दंडक आहे की ज्याचा जीव टेलिफोनवर अवलंबून आहे त्याला वीज गेल्यावर निदान एक तास तरी मदतीला फोन करता आला पाहिजे, आणि ती सोय कंपनीने फुकट द्यावी.

आपल्याकडे बॅटरी आपणच घ्यायची असते. म्हणून ज्या घरी मोबाईलची रेंज नाही, आणि म्हातारे माणूस, बाळंतीण किंवा आजारी माणूस आहे, त्या घरी बॅटरी म्हणजे चैन नव्हे. ती फोनचाच भाग समजावी आणि पहिल्याच दिवशी घ्यावी. शेताच्या वस्तीवर वीज पाळीने येत असेल तर मोठी बॅटरी लागेल. ज्यांच्या घरी सौर दिव्याची पेटी आहे त्यांनी गावच्या वायरमनला विचारून पाहावे. तिच्यावर डबा चालू शकतो, फक्त व्होल्टचा आकडा जुळला पाहिजे. तो आकडा डब्याच्या पाठीवर लिहिलेला असतो, बहुधा १२. आजीला आम्ही एवढेच सांगितले. आणि मुलाला पत्र लिहून बॅटरीचे पैसे मागवले. पत्र तिने स्वतः लिहिले.

मग तार घ्यावी की नाही? आमचे मत विचाराल तर ते घरागणिक निराळे आहे.

घरात दोघेच आहेत, रेंज चांगली आहे, फोन फक्त बोलण्यापुरता हवा. त्यांनी काचेच्या तारेच्या फंदात पडू नये. साधा बटणांचा मोबाईल पुरे. पूर्वी मोबाईलच्या रिचार्जात नको असलेले इंटरनेटही गळ्यात मारले जाई. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम केला की नुसते बोलणे आणि संदेश यांचेही रिचार्ज कंपन्यांनी ठेवले पाहिजे. दुकानात तेच मागा. दुकानदार ते आपणहून सांगेलच असे नाही.

घरात शिकणारी मुले आहेत, कुणी दुकान चालवतो, कुणी सातबारा, पीकविमा, नोकरीचे अर्ज भरतो. तिथे ही तार पैसे वसूल करते. आता चार मोबाईलांत चार रिचार्ज जातात, त्यांचे इंटरनेट तरी लहान होते. बोलणेही बहुतेक पॅकांत देशभर मोफत असते. एका वाड्यात दोन चुली असतील तर भावाभावांनी एकच तार घेऊन वर्गणी वाटून घ्यावी. पण जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती दोन दोन हात जाड असतात. वायफाय त्या भिंतींतून पलीकडे जात नाही. पलीकडच्या सोप्यासाठी आणखी एक डबा घ्यावा लागला तर तोही खर्च हिशेबात धरा.

आणि जिथे रेंजच नाही तिथे विचारायचेच काय? तार घ्यावी आणि बॅटरीसकट घ्यावी. काही गावांत ग्रामपंचायतीपर्यंत ही तार आधीच आलेली आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना काचेच्या तारेने जोडण्याचे ठरवले. त्या योजनेला पुढे भारतनेट हे नाव दिले. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा की तार आली आहे का, आणि ती चालू आहे का. दोन्ही प्रश्न विचारा. खांब जवळ असेल तर घरापर्यंतचा खर्च कमी होतो.

जुन्या फोनचे काय करायचे, हेही सांगून ठेवतो. बटणांचा जुना टेलिफोन फेकू नका. नव्या डब्याच्या मागे टेलिफोनची एक खाच असते. तिच्यात जुनी पिन बसते आणि तोच फोन चालतो. गोल चकती फिरवण्याचा जुना फोन मात्र पुष्कळ डब्यांवर चालत नाही. त्यावर फोन येतो, पण नंबर लावता येत नाही. मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावायचे, हा १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम घरच्या फोनला अजूनही आहे. संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८, हे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

नंबरचा प्रश्न पुष्कळांना जिव्हाळ्याचा असतो. वीस वर्षे तोच नंबर. नात्यागोत्यात, बाजार समितीत, लग्नपत्रिकांत तोच. तुम्ही त्याच कंपनीच्या तांब्याच्या तारेवरून काचेच्या तारेवर जात असाल तर नंबर तोच राहू शकतो. मात्र अर्जात 'जुना नंबर कायम ठेवावा' असे स्पष्ट लिहा. लिहिले नाही तर नवा नंबर मिळण्याचा संभव आहे. कंपनी बदलली तर नंबर जातो. मोबाईलचा नंबर कंपनी बदलूनही ठेवता येतो, तशी सोय आपल्या देशात घरच्या तारेच्या फोनला नाही.

जुनी जोडणी घेताना भरलेली अनामत विसरू नका. ती तुमची आहे. पावती सापडली तर उत्तमच. नाही सापडली तर बिलावरचा ग्राहक क्रमांक लिहून अर्ज करा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. जुनी जोडणी लेखी अर्जाने बंद करा. नवी आली म्हणून जुनी आपोआप बंद होत नाही. दोन दोन बिले येत राहतात.

नव्या तारेची निगाही वेगळी असते. तांब्याची तार तुटली तर कुणीही दोन टोके पिळून जोडत असे. काचेची तशी जोडता येत नाही. टोके यंत्राने वितळवून जोडावी लागतात. ते यंत्र महाग असते आणि तालुक्यात मोजक्याच माणसांकडे असते. म्हणून दुरुस्तीला वेळ लागतो. तार रस्त्यावर खाली लोंबत असेल तर ऊस भरलेली ट्रॉली तिला हमखास ओढून नेते. ती उंच बांधून घ्यावी. घरात ती खिळ्याभोवती काटकोनात वळवू नये, उजेड तिथेच गळतो. डब्यावर लाल दिवा लुकलुकू लागला की समजावे, तार कुठेतरी तुटली आहे. मग डबा उघडत बसू नये, तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. तुटलेल्या टोकाला डोळा लावून कधीही पाहू नये. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. पोरांना हे आवर्जून सांगा.

आणि या बदलाच्या गडबडीत लुच्चे लोकही हात धुऊन घेतात. फोन येतो, "तुमची लाईन आज रात्री बंद होणार आहे. चालू ठेवायची तर आता पाठवतो त्या संदेशावर बोट दाबून दहा रुपये भरा." दहा रुपयांच्या वाटेने ते बँकेचे सगळे खाते रिकामे करतात. टेलिफोनचे पैसे कचेरीत किंवा ओळखीच्या जोडणी करणाऱ्याकडे पावती घेऊनच भरावे. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवण्याची आशा जास्त.

जोडणीच्या दिवशी माणूस डबा लावील, फोन लावून दाखवील, आणि सहीसाठी कागद पुढे करील. बहुधा त्याला घाई असते. त्याला बसवा, चहा द्या. तोवर घरचा मेन स्विच बंद करा. डब्यावरचा हिरवा दिवा जळत राहिला का पाहा. मग शेजारच्या माणसाला तुमच्या नंबरवर फोन करायला सांगा. बॅटरीवर घंटी वाजली, बोलणे स्वच्छ ऐकू आले, की मेन स्विच पुन्हा लावा. कागदावरचा महिन्याचा दर, डबा कुणाचा, अनामत किती आणि जुना नंबर, या चार गोष्टी बोट ठेवून वाचा. मग सही करा.